दुकानदाराच्या बुडाखालचं कॅबिनेट

कपाटवाल्यांना कोणी शिवी दिली असती, तर त्यांनी ती हसून सोडून दिली असती. पण "बाबा, तुम्ही बसा" असं कोणी म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. छत्तीस वर्षं त्यांनी स्टीलची कपाटं केली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा वर्कशॉप बंद केलं, यंत्रं विकली, हत्यारं तेवढी घरी आणली, आणि त्या दिवसापासून घरातल्या धडधाकट वस्तूंना वाईट दिवस आले. स्वयंपाकघराचं दार नीट लागत होतं, त्याला त्यांनी नवी बिजागरी बसवली. तेव्हापासून ते लागत नाही. न्हाणीघरातला नळ ठिबकायचा, तो त्यांनी असा आवळला की ठिबकणं थांबलं आणि पाणी येणंही थांबलं. मुलगा स्वभावाने गरीब, तो चिडला नाही. "बाबा, तुम्ही बसा आता, मी माणूस बोलावतो," एवढंच म्हणाला. माणूस बोलावतो म्हणे. मग आपण इतकी वर्षं कोण होतो, हा प्रश्न कपाटवाल्यांनी दोन दिवस चघळला.

त्याला आता आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत त्यांना कोणी एक खिळासुद्धा ठोकायला सांगितला नव्हता. हत्यारं मागच्या गॅलरीत एका जुन्या जाळीच्या कपाटात पडून होती आणि कपाटवाले रोज सकाळी ती पुसून परत ठेवत होते.

सून मात्र दिवसभर कामात बुडालेली असे. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं भरतकामाचं युनिट होतं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती मशीनला पाठवायची, की मशीन धडधडत कापडावर ती भरत जायचं. अशी दोन मशीनं होती. ती चालू झाली की फरशी थरथरायची, खिडकीच्या काचा दात वाजवायच्या आणि दोऱ्याचा कुसा, म्हणजे बारीक तंतू, हवेत तरंगत राहायचा. या दोन मशीनांच्या मध्ये कॉम्प्युटरचं कॅबिनेट जमिनीवर उभं असे. सून त्यावर पाय टेकायची, चहाचा कप ठेवायची, कापडाचे तागे टाकायची. त्या बिचाऱ्याने चार वर्षं हे सोसलं. गुरुवारी तिने त्यावर जाड कापडाचा एक तागा ठेवला आणि त्याने मान टाकली. वरचा पत्रा खाली दबला, आतल्या पंख्याला लागला, खरखर असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

कॉम्प्युटरवाला आला. हा एक अतिशय शांत माणूस होता; वाईट बातमी देतानाही घड्याळात किती वाजले ते सांगावं तसा बोलायचा. त्याने झाकण उघडलं आणि आतून कुसा काढला. काढतच राहिला. लहान मुलाची उशी भरेल एवढा कुसा निघाला. हा पंख्यात, फटीत सगळीकडे जाऊन बसलाय, यानेच निम्मा जीव घेतला, असं तो म्हणाला. आतलं महत्त्वाचं सामान वाचलं होतं, दोन-तीन गोष्टी तो शनिवारी सकाळी नव्या आणणार होता. पण हा डबा फेकून द्या, म्हणाला. स्वस्तातलं, पण मजबूत कॅबिनेट तोवर आणून ठेवा. त्याने एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून दिल्या: आतल्या बोर्डचं माप, पत्रा जाड हवा, आणि हवा यायला-जायला जागा हवी.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका मोठ्या शाळेची सहाशे बिल्ल्यांची ऑर्डर सोमवारी द्यायची होती. ही नीट गेली तर दरवर्षीचं काम मिळणार होतं, नाही गेली तर शाळेने दुसरं युनिट बघून ठेवलेलंच होतं. नवरा कामासाठी चार दिवस परगावी, सासूबाई बहिणीकडे. एका जुन्या ऑर्डरचं हाताने करायचं काम शुक्रवारी संपवायचं, म्हणजे तिला हलायला सवड नाही. तिने चिठ्ठीकडे पाहिलं, मग वर जिन्याकडे पाहिलं. काही क्षण ती तशीच उभी राहिली असणार, कारण नळाचा प्रसंग तीही विसरली नव्हती. मग ती वर आली.

"बाबा, एक काम होतं," ती म्हणाली. "पत्र्याचं आहे."

कपाटवाले इतक्या झटकन उठले की गुडघ्याला कुरकुरायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली, आणि चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून "बघतो" म्हणाले. आतून त्यांना फार आनंद झाला होता आणि तितकीच भीतीही वाटत होती. हे काम जमलं, तर या घरात आपण पुन्हा कामाचा माणूस. फसलं, तर कायमचं बसा.

बायको बहिणीकडे होती, म्हणजे त्यांना अडवणारं घरात कोणीच नव्हतं, हेही इथेच सांगून ठेवायला हवं.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. एका खिशात मेजरिंग टेप, दुसऱ्या खिशात पत्र्याची जाडी मोजायची गेज आणि एक लोहचुंबक. कॉम्प्युटरचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. आत पाऊल टाकलं आणि कपाटवाले दचकले. भिंतभर कॅबिनेटं मांडलेली, आणि प्रत्येकाला एका बाजूने काच. काचेच्या आत लाल, निळे, जांभळे दिवे फिरत होते. आतले मासे कुठे गेले, असं त्यांनी दुकानदाराला विचारलं.

दुकानदार चांगला ऐसपैस गृहस्थ होता, आणि दिवसातून वीस वेळा तीच माहिती सांगून सांगून त्याचा आवाज सपाट झाला होता. त्याने सांगितलं की हल्ली हेच खपतं, आतलं सगळं दिसतं. कपाटवाले म्हणाले की आतलं दिसू नये म्हणून तर माणूस कपाट घेतो. मग त्यांनी कामाला सुरुवात केली. एकेका कॅबिनेटवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, मान कलती करून ऐकायचे आणि पुढे जायचे. डॉक्टर रोग्याची पाठ ठोकून बघतात तसा हा प्रकार चालला होता, आणि जवळपास सगळेच रोगी हाताबाहेर गेलेले होते. एका कॅबिनेटच्या कडेला त्यांनी गेज लावली आणि दुकानदाराला दाखवली. एवढा पातळ पत्रा आम्ही नावाची पाटी करायला वापरायचो, असं ते म्हणाले.

दुकानदाराने मग एक महागडं काळं कॅबिनेट पुढे केलं. हे एकदम दणकट आहे, काका, डोळे मिटून घ्या. कपाटवाल्यांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, कॅबिनेट भिंतीपासून ओढून मोकळ्या जागेत घेतलं, एका हाताने काउंटर धरला आणि त्यावर पाय ठेवला.

आता हे वेडेपणाचं वाटेल, पण त्यांच्या वर्कशॉपचा तो नियम होता. ज्याने कपाट केलं त्यानेच, गिऱ्हाईक न्यायला येईल तेव्हा, गिऱ्हाइकासमोर त्या कपाटावर उभं राहायचं. रंग कसा दिला, कुलूप कुठल्या कंपनीचं, याला महत्त्व नाही. उभा राहिलास का, एवढंच विचारलं जायचं. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी हा नियम घालून दिला होता आणि त्यातून कोणाला सूट नव्हती. कपाटवाले स्वतः एकदा, ऐन तिशीत, घाईत वेल्डिंगचे टाके कमी मारलेल्या कपाटावर चढले आणि कमरेपर्यंत आत गेले. गिऱ्हाईक नवरा-बायको होते. बायको हसून हसून खाली बसली. पत्रा कापून कपाटवाल्यांना बाहेर काढावं लागलं. पण त्या जोडप्याने कपाट त्यांच्याचकडून घेतलं, आणि पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नातही घेतलं. आत पडणारा माणूस निदान चढतो तरी, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

पण हे सगळं दुकानदाराला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त साठीकडे झुकलेला एक माणूस अनवाणी पायाने विक्रीच्या मालावर चढताना दिसला. तो काउंटरच्या मागून धावत येईपर्यंत कॅबिनेटचा वरचा पत्रा टक् करून दबला होता. कपाटवाले खाली उतरले, तो पत्रा उलट्या बाजूने अंगठ्याने दाबून पुन्हा सरळ करून दिला आणि दुसऱ्याकडे वळले. दुकानदाराने हात आडवा केला. कॉम्प्युटर वापरायला घेताय की चढायला, असं त्याने विचारलं. कपाटवाल्यांनी त्याला मशीनांची धडधड, तागे, कुसा, सहाशे बिल्ले सगळं सविस्तर सांगितलं. तोवर दुकानातली बाकीची गिऱ्हाईकं दिवे बघायचं सोडून इकडे गोळा झाली होती. त्यातल्या एकाने आधीच घेतलेल्या कॅबिनेटवर पेराने टकटक केली, ऐकलं, आणि जरा विचार करून येतो म्हणून तो निघून गेला.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. तो हताश होऊन काउंटरच्या मागे गेला आणि धपकन बसला.

कपाटवाल्यांचे कान उभे राहिले. एवढा देह एवढ्या जोराने बसला, आणि आवाज नाही. ना चरचर, ना कुरकुर, ना पत्र्याचं ते टक्. छत्तीस वर्षं ज्या शांततेसाठी त्यांनी टाके मारले, ती शांतता काउंटरच्या मागून ऐकू आली होती.

"उठा जरा," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्ही कशावर बसलाय?"

दुकानदाराने खाली वाकून पाहिलं. आपण कशावर बसतो याचा त्याने बऱ्याच वर्षांत विचार केला नव्हता. गादी उचलली तर खाली एक करडं, चौकोनी, ठोकळ्यासारखं कॅबिनेट निघालं. काच नाही, दिवा नाही, नक्षी नाही. सात वर्षांपूर्वी असे दोन नग आले होते. एक कोणीतरी नेला, दुसरा उचलायला जड आणि दिसायला उदास म्हणून कोणी घेईना, तेव्हा दुकानदार त्यावर बसायला लागला. कपाटवाल्यांनी गेज लावली. लोहचुंबक लावला, तो असा चिकटला की दोन हातांनी ओढावा लागला. मग ते वर चढले आणि उभे राहिले. काही झालं नाही. त्यांनी टाचा उचलून एकदा दणका दिला. तरी काही झालं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ते वरूनच दुकानदाराला म्हणाले.

चिठ्ठीवरचं माप बरोबर जुळत होतं. पुढे आणि बाजूला हवेसाठी भोकंही होती. दुकानदार मात्र आता अडून बसला. म्हणजे बसायला काही उरलं नव्हतं म्हणून अडून उभा राहिला. मी बसू कशावर, हा त्याचा प्रश्न रास्त होता. शेवटी असं ठरलं की कॅबिनेट निम्म्या किमतीत द्यायचं आणि कपाटवाल्यांनी पुढच्या आठवड्यात त्याला स्टीलचं एक स्टूल करून द्यायचं. त्यावर तुम्ही आधी उभे राहून दाखवणार ना, असं दुकानदाराने अगदी गंभीरपणे विचारलं. कपाटवाल्यांना हा माणूस एकदम आवडला.

सुनेने कॅबिनेट पाहिलं, बोटाने टकटक केली, किंमत ऐकली आणि मनापासून म्हणाली, "बाबा, फारच छान मिळालं." कपाटवाले एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

जेवण झाल्यावर कपाटवाले गॅलरीत ते कॅबिनेट पुढ्यात घेऊन बसले आणि त्यांची नजर त्या भोकांवर गेली. पुढच्या बाजूला बोटभर रुंदीच्या लांबच लांब फटी, बाजूला गोल भोकं, मागे भोकं. त्यांच्या वर्कशॉपच्या पाटीवरच लिहिलेलं असायचं, मुंगीलाही वाट नाही. आणि आधीचा कॉम्प्युटर मेला कशाने? कुशाने. कुसा आत गेला कुठून? भोकांतून. कॉम्प्युटरवाल्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. मग त्याच माणसाने चिठ्ठीत पुन्हा भोकं मागावीत, याला काय म्हणावं? उंटावरचा शहाणा, असं कपाटवाल्यांनी ठरवलं, आणि पत्रा कापायची कात्री काढली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकूण एक भोक बुजवलं. आतून पट्ट्या लावल्या, बाहेरून रिबिटं मारली. एका बाजूचं झाकण थोडं खडखडत होतं, म्हणून तेही रिबिटं मारून कायमचं बंद केलं. पुढच्या बाजूला चालू-बंद करायचं बटण उघडं होतं, तिथे छोटं दार केलं, दाराला कुलूप केलं. वर कपाटाची एक भक्कम मूठ बसवली. मग सगळ्यावर कपाटाचा तो हिरवट करडा रंग दिला. एवढं सुंदर काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांनी झालं, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. किल्ली त्यांनी एका दोऱ्यात ओवून सुनेच्या टेबलाजवळच्या खिळ्याला टांगली.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटरवाला आला. त्याने कॅबिनेटभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. रंग अजून ओला होता, तो त्याच्या पँटला लागला. हे कॅबिनेट आहे की तिजोरी, असं त्याने शांतपणे विचारलं. उरलेल्या एका झाकणातून हात घालून घालून त्याने सामान बसवलं, आणि भोकांचं विचारणं पुढे ढकललं, कारण सून घड्याळ बघत होती. किल्ली आणली, कुलूप उघडलं, बटण दाबलं. पडदा उजळला. सुनेने बिल्ल्याची नक्षी उघडली, मशीनला पाठवली, मशीन धडधडायला लागलं. कपाटवाले दाराशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांना वाटलं, आता मुलगा इथे हवा होता.

नवव्या मिनिटाला पडदा काळा पडला.

कॉम्प्युटरवाल्याने कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. सगळं कशाने बंद केलंय, त्याने विचारलं. अठरा गेजच्या पत्र्याने, कपाटवाल्यांनी सांगितलं, आणि सांगता सांगताच त्यांचा आवाज बारीक होत गेला. कॉम्प्युटरवाल्याने समजावून दिलं की आतलं सामान चालताना तापतं. बाहेरची गार हवा आत आणि आतली गरम बाहेर, एवढ्यासाठीच ती भोकं. फार तापलं की ते स्वतःच बंद पडतं, म्हणून आज सामान जळलं नाही. हे तो नेहमीच्याच सपाट सुरात म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

सून ओरडली नाही. तिने मशीनवरचा बिल्ला बघितला. अर्धाच भरलेला, शाळेचं नाव मध्येच तुटलेलं. मग ती कपाटवाल्यांकडे न बघता कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली, "दुसरं कॅबिनेट आत्ता कुठे मिळेल?" बाजार शनिवारी बंद असतो, तो म्हणाला. उद्याही बंद.  कपाटवाल्यांना आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. कपाटात कमरेपर्यंत अडकले होते तेव्हाही नाही. तेव्हा नुकसान स्वतःचं झालं होतं. आता सून म्हणेल, बाबा, तुम्ही वर जाऊन बसा, आणि आपण जाऊन बसू, कारण ते बरोबरच असेल, असं त्यांच्या मनात आलं.

तिने म्हणायच्या आत ते स्वतःच वर निघाले. हत्यारं तरी आवरून ठेवावीत, म्हणून गॅलरीत गेले. जाळीच्या कपाटाचं दार उघडलं आणि हात कडीवर तसाच राहिला.

हे कपाट त्यांनी अठराव्या वर्षी केलेलं होतं. आयुष्यातलं पहिलं. दूध, साय, उरलेलं जेवण ठेवायचं कपाट. त्यांनी ते आधी चारी बाजूंनी बंद केलं होतं, माशी जाऊ नये म्हणून, आणि मोठ्या ऐटीत उस्तादांना दाखवलं होतं. उस्तादांनी त्यात गरम दुधाचं पातेलं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते प्यायला लावलं. नासलेलं होतं. गरम वस्तूला कोंडायचं नसतं, गाढवा. माशीला अडव, हवेला नको. मग त्यांनी पत्रा काढला आणि बारीक जाळी बसवली. जे अठराव्या वर्षी दुधाच्या घोटाबरोबर शिकलो, ते नंतर हजार बंद कपाटं करता करता आपण विसरलो.

ते खाली आले. सुनेसमोर उभे राहिले.

"मला दोन तास दे," ते म्हणाले. "नाही जमलं तर सगळी भोकं होती तशी उघडी करून देतो. मग काही हात लावणार नाही. कशालाच."

सुनेने घड्याळाकडे पाहिलं, कॉम्प्युटरवाल्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि सामान बाहेर काढायला घेतलं. त्याला तरी रंग वाळल्याशिवाय कुठे जाता येणार होतं?

"दोन तास, बाबा," ती म्हणाली.

कपाटवाल्यांनी रिबिटांची डोकी एकेक करून छिन्नीने उडवली. काल दुपारभर मारलेली रिबिटं आज पाऊण तासात उडाली. पट्ट्या काढल्या, खडखडणारं झाकण सोडवून त्याच्या कडेला कापडाची पट्टी लावली, कुलपाचं दार काढलं. मग जाळीच्या कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांतून उतरवली. बायकोने संसाराची पहिली दहा वर्षं त्या दारांमागे दूध ठेवलं होतं. ती परत आल्यावर काय बोलेल याचा विचार त्यांनी पुढच्या आठवड्यावर, स्टुलाबरोबर, ढकलला, आणि जाळीत कात्री घातली. जाळीचे दोन दोन थर एकावर एक ठेवून पत्र्याच्या चौकटीत बसवले. प्रत्येक चौकटीला दोन फिरत्या खिट्या केल्या, खिटी फिरवली की चौकट हातात. कुसा बाहेरच्या बाहेर जाळीला चिकटेल. रोज एकदा चौकट काढायची आणि ब्रश मारायचा. फक्त मूठ त्यांनी राहू दिली. ती चांगली झाली होती.

दोन तास आणि दहा मिनिटं लागली. वरची दहा मिनिटं कोणी मोजली नाहीत.

कॉम्प्युटरवाल्याने सगळं पुन्हा बसवलं. मशीन सुरू झालं. नऊ मिनिटं गेली. वीस गेली. कपाटवाले जिन्याच्या पायरीवर, जरा लांब, बसून होते. दाराशी उभं राहायचा धीर त्यांना झाला नाही. पाऊण तासाने कॉम्प्युटरवाल्याने पडद्यावर कसलासा आकडा पाहिला, कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि या वेळी तो तिथेच ठेवला. गार आहे, म्हणाला. अशा जाळ्या वेगळ्या विकत मिळतात, पण त्या काढायला स्क्रू सोडवावे लागतात, हे खिटीचं बरं आहे. मग त्याने आपल्या पँटकडे पाहिलं आणि मला अशी एक चौकट करून द्याल का, असं विचारलं. कपाटवाल्यांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत.

दुपार कलली. बिल्ले एकामागून एक पडत होते, शाळेचं नाव पुरतं, न तुटलेलं. सुनेने सवयीने हातातला तागा कॅबिनेटवर ठेवायला उचलला, थांबली, आणि तो टेबलावर ठेवला. मग ती पायरीशी आली.

"बाबा, तुम्ही अजून उभे राहिला नाहीत," ती म्हणाली.

दुकानातला सगळा प्रकार त्यांनी तिला शुक्रवारी जेवताना साग्रसंगीत सांगितला होता. ते गडबडले. दुकानात राहिलो होतो की, म्हणाले. ते दुकानातलं झालं, ती म्हणाली, त्यानंतर तुम्ही त्यात काम केलंत. मग कपाटवाल्यांनी खरं ते सांगितलं. वर्कशॉपमध्ये कपाट रिकामं असायचं, आत पडलो तर मीच पडायचो. यात तुझं सगळं सामान आहे. मशीन चालू आहे. सहाशे बिल्ले आहेत. त्यांना खरोखरच भीती वाटत होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"रिकाम्यावर उभं राहून मला काय कळणार?" सून म्हणाली. "तुम्ही उभे राहिल्याशिवाय मी माल ताब्यात घेणार नाही."

कॉम्प्युटरवाल्याने त्या दोघांकडे बघून वाटेतली वायर बाजूला केली.

कपाटवाल्यांनी चपला काढल्या. दोन्ही मशीनं धडधडत होती, फरशी पायाखाली थरथरत होती. सुनेने हात पुढे केला. तो धरून ते एक पाय ठेवून चढले, मग दुसरा ठेवला आणि सरळ झाले. त्यांच्या पायाखाली पंख्याची बारीक घरघर लागत होती. पत्र्याचा आवाज नव्हता. पडदा उजळलेला होता, सुई खाली-वर होत होती.

"टाच मारा ना," सून म्हणाली.

त्यांनी टाच मारली. मशीनने बिल्ला पूर्ण केला, दोरा कापला आणि पुढचा सुरू केला. सून त्यांचा हात तसाच धरून होती आणि दुसऱ्या हाताने तयार बिल्ले मोजत होती. एकशे चाळीस झाले होते. अजून चारशे साठ राहिले होते, आणि स्वयंपाकघराचं दार लागत नाही तेही आज बघा, असं ती मोजता मोजता म्हणाली.